जोडी लावायची खरी, पण आधी बाळंतिणीची खोली

पुसदकडच्या एका तरुण शेतकऱ्याचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे चार वर्षांपासून दोन सॅव्हाना मॉनिटर, म्हणजे आफ्रिकेतल्या गवताळ मुलखातल्या घोरपडी आहेत. दुकानदाराने ‘नर-मादी’ म्हणून दिल्या, केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद केलेली आहे, पिंजरे आजवर वेगळे होते. मागच्या आठवड्यात दोघांना पहिल्यांदा एकत्र सोडलं, तर दहा मिनिटांत मोठ्याने लहानाचा पुढचा पाय तोंडात धरला. सोडवताना यांच्या मनगटावर नखांचे ओरखडे आले. आता ते विचारतात, नर मादीकडे न्यायचा की मादी नराकडे, आणि किती दिवस एकत्र ठेवायचं?

भाऊ, कोण कोणाच्या घरी जातं हा तुमच्या अडचणीतला शेवटचा प्रश्न आहे. त्याच्या आधीचे तीन तुम्ही विचारलेच नाहीत. हे दोघं खरंच नर-मादी आहेत का? मादीच्या अंगात अंडी धरायची ताकद आहे का? आणि अंडी झालीच तर ती घालणार कुठे? मी वर्धा जिल्ह्यात बावीस वर्षं पशुवैद्य आहे. गाई-म्हशी-बकऱ्यांत हात बसला आणि गेली अकरा वर्षं परदेशी सरपटणारे प्राणीही बघतो, स्वतः पाळतोही. या अकरा वर्षांत माझ्याकडे मॉनिटरच्या जितक्या माद्या गेल्या, त्यातल्या बहुतेक नराच्या चाव्यानं नाही, पोटात अडकलेल्या अंड्यांनी गेल्या.

पुढे जाण्याआधी बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट. आपल्या धुऱ्यावरची, विहिरीच्या कपारीतली घोरपड धरून आणायची आणि ‘जोडी लावायची’ असं कोणाच्या डोक्यात असेल तर इथेच थांबा. भारतात आढळणाऱ्या घोरपडींच्या चारही जाती, म्हणजे आपली नेहमीची, पिवळी, वाळवंटी आणि पाणघोरपड, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. तीन ते सात वर्षांची कैद आणि वर दंड. ‘हात्थाजोडी’ नावाची मुळी म्हणून जे वाळकं लाल कापडात गुंडाळून विकतात, ते नर घोरपडीचं जननेंद्रिय असतं. ते घरात ठेवलं तरी गुन्हा तोच. परदेशी मॉनिटरचं वेगळं आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते अनुसूची ४ खाली येतात, आणि नुसतं प्राण्याची नोंद करून भागत नाही, जन्म झाला, मेला, दुसऱ्याला दिला, सगळं कळवावं लागतं. तुमची नोंद आहे हे चांगलंच झालं. पिल्लं काढायचा विचार असेल तर वनखात्याकडे आधी लेखी विचारून घ्या, नंतर नाही.

आता पहिला प्रश्न. दुकानदाराच्या ‘नर-मादी’वर मी कधीच विश्वास ठेवत नाही. तो खोटं बोलतो म्हणून नाही, त्यालाही कळत नाही म्हणून. मॉनिटरमध्ये नर-मादी वरून ओळखणं फार अवघड. डोकं मोठं, शेपटीचं मूळ जाड, म्हणजे नर, हा ठोकताळा वयात आलेल्या आणि सारख्या खाण्यावर वाढलेल्या जनावरांत थोडाफार चालतो. पण एकाला चार वर्षं उंदीर मिळाले आणि दुसऱ्याला किडे, तर जाडं डोकं फक्त कोणाचं ताट मोठं होतं ते सांगतं. कोणी म्हणतं, संडास करताना मागून दोन लाल कोंब बाहेर आले, म्हणजे नर. माद्यांनाही तसाच, लहान का होईना, अवयव असतो आणि तोही बाहेर येतो. त्यावर मी स्वतः दोनदा फसलो आहे. काही जातींच्या नरात त्या अवयवात हाडासारखा भाग असतो आणि तो एक्स-रेत दिसतो, पण सगळ्या जातींत, सगळ्या वयांत तो खात्रीनं दिसेल असं नाही. शेपटीच्या मुळाशी दाबून अवयव बाहेर काढणं किंवा सळई घालून बघणं मोठ्या जनावरात कोणी करू नये, इजा होते. सगळ्यात भरवशाची सोनोग्राफी. मादी वयात आलेली असेल आणि हंगाम असेल तर अंडाशयात गोल गोल पुटिका, म्हणजे अंडी तयार होणाऱ्या पिशव्या, साफ दिसतात. नागपूरला किंवा अमरावतीला सरपटणाऱ्या प्राण्यांचा हात असलेला पशुवैद्य शोधा आणि दोघांनाही घेऊन जा. एकाची सोनोग्राफी करून दुसऱ्याचा अंदाज बांधू नका.

मी हे इतकं लावून धरतो त्याला कारण तुमच्याच वर्णनात आहे. मृगाच्या पावसानंतर आपल्याकडे वावरात दोन घोरपडी मागच्या पायांवर उभ्या राहून एकमेकींना मिठी मारताना दिसतात. लोक म्हणतात, लगीन चाललं. ते लगीन नसतं, दोन नरांची कुस्ती असते. धामणींच्या ‘जुळण्या’चंही तेच. लोक त्यावर पांढरा कपडा टाकतात, आणि खाली बहुतेक वेळा दोन नर एकमेकांना दाबत असतात. तुमच्याकडे पाय धरला तेव्हा ते उभे राहिले होते का, मोठा लहानाच्या पाठीवर चढून मान घासत होता की सरळ पायाला लागला, हे तुम्ही लिहिलं नाही. पाठीवर चढून जिभेनं चाटत, हनुवटी घासत, मग मानेची कातडी धरली असती तर मी म्हटलं असतं, नर मादीच्या मागे लागला आहे. सरळ पाय धरला म्हणजे दोन शक्यता: दोन नर, किंवा भुकेलं जनावर ज्यानं हलणाऱ्या पायाला खाणं समजलं. तुम्ही सोडायच्या आधी खायला दिलं होतं का? मला वाटतं, नव्हतं.

समजा, सोनोग्राफीत जोडी निघाली. मग मादीकडे बघू. सॅव्हाना मॉनिटर निसर्गात मुख्यतः किडे, गोगलगायी, विंचू असलं खातात. आपण त्यांना उंदीर आणि कोंबडीची काळीज-फुप्फुसं देतो, कारण ती सोपी मिळतात. चार वर्षांत जनावर गुबगुबीत होतं, पोट जमिनीला टेकतं, आणि मालक खूश. पण आत यकृतावर चरबी चढलेली असते, आणि पाणी कमी मिळालं असेल तर सांध्यांत युरिक आम्लाचे खडे बसतात. अशी मादी अंडी धरेलही, पण घालायची ताकद तिच्यात नसते. उलट हाडं दिसणारी, शेपटीचं मूळ सपाट झालेली मादी नराकडे सोडली तर ती पहिल्या अंड्यांतच रिकामी होते. मला हवी ती मादी अशी: शेपटीचं मूळ गोल, पण मांड्यांवर वळ्या नाहीत, सकाळी दिव्याखाली स्वतः येऊन बसते, आणि माती उकरायला आवडतं. शेवटचं लक्षण लोक विसरतात.

खाणं किड्यांवर आणा. रातकिडे, झुरळं, गांडुळं घरी वाढवा, वर कॅल्शियमची पूड टाका. वावरातले नाकतोडे मात्र देऊ नका. पऱ्हाटीवर काय काय फवारलं जातं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारी माणसं दगावली, तिथे किडा खाणाऱ्या घोरपडीचं काय. संत्र्याच्या बागेतल्या गोगलगायी मोहात पाडतात, पण तिथे गोगलगायींसाठी विषारी आमिष टाकलेलं असू शकतं. घरातला उंदीरही कोणी कुठं औषध ठेवलंय त्यावर भरवशाचा नाही.

आता मुख्य गोष्ट, बाळंतिणीची खोली. माझी पहिली मादी मी इथेच घालवली. पिंजरा मोठा होता, दिवे बरोबर होते, नर शांत होता, चार दिवस मीलन झालं आणि मी गावभर सांगत सुटलो. तळाला माती होती नऊ इंच. महिनाभरानं मादी उकरायला लागली. चार दिवस तिनं सिमेंटची फरशी खरवडली, नखं बोथट झाली, मग शांत झाली. मी समजलो, घातली असतील कुठेतरी. ती घालायचं सोडून बसली होती. खाणं बंद झाल्यावर आठवड्यानं तिला नागपूरला नेलं, पोट उघडलं, आत एकतीस अंडी. दुसऱ्या दिवशी गेली. नराची काही चूक नव्हती, मातीची होती. मातीची म्हणजे माझीच.

म्हणून माझा नियम: नर मादीच्या जवळ येण्याआधी किमान दोन फूट खोल माती तयार पाहिजे, आणि नुसती खोल नाही, बरोबर. आपली काळी माती इथे कामाची नाही. ओली झाली की पायाला चिकटते, सुकली की भेगा पडतात, उकरलेलं बीळ ढासळतं. नुसती नाल्याची रेतीही ढासळते. मी तीन घमेली धुतलेली रेती आणि दोन घमेली पोयटा असं मिसळतो. ओलावा किती? मुठीत दाबल्यावर लाडू व्हावा आणि बोटानं टोचल्यावर तो फुटावा. मग तीन इंची पाइप तिरपा आत ढकलतो आणि काढून घेतो. भोक दुसऱ्या दिवशी सकाळी तसंच उभं असेल तर माती पास. खालच्या थरात उष्णता २८ ते ३० अंश हवी. त्यासाठी लांब तारेचा थर्मामीटर घ्या, अंदाजानं नको. कोणी सांगेल, वारूळ फोडून आणा, घोरपडी वारुळात अंडी घालतात. आपली घोरपड घालते, हे खरं. पण जिवंत वारूळ फोडून पिंजऱ्यात आणलं तर वाळवी पिंजऱ्याचं लाकूड खाईल, आणि गावात नागपंचमीला तुमच्याशी कोणी बोलणार नाही.

आणखी एक गोष्ट जी ऐकून लोक चक्रावतात: ही खोली नर नसला तरी लागते. चांगली खाल्लेली मादी एकटी असतानाही अंडी धरू शकते. ती बहुधा वांझ असतात, पण अडकतात तितकीच. आणि कधी कधी वांझही नसतात. २००६ साली इंग्लंडमध्ये चेस्टर आणि लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या कोमोडो घोरपडींनी नराशिवाय घातलेल्या अंड्यांत जिवंत गर्भ असल्याचं सिद्ध झालं. तेव्हा ‘माझी मादी वेगळी आहे, मला काय करायचंय’ असं म्हणू नका. मादी ठेवली की माती ठेवावीच लागते.

पिंजऱ्याबद्दल थोडक्यात. दोघांसाठी आठ फूट बाय चार फुटांपेक्षा कमी नको. माझी जागा जुन्या गोठ्यात आहे, मातीच्या भिंती, वर कवेलू, दहा बाय सहा फूट. ऊन शेकायची जागा एकच असेल तर बलवान तिच्यावर बसतो आणि दुसरा गारठतो. म्हणून दोन टोकांना दोन दिवे, दोन्हीखाली दगड, दगडाचा पृष्ठभाग ५५ ते ६० अंश. इतकी उष्णता ऐकून लोक घाबरतात, पण तो दगडाचा आकडा आहे, खोलीचा नाही. गार कोपरा मात्र २६-२७ वर पाहिजे, आणि मे महिन्यात ४६ अंश असताना आपल्याकडे खरी कसरत तिथे आहे. परदेशी माहितीत उष्णता कशी वाढवायची ते लिहिलेलं असतं. आपल्याला गार कसं ठेवायचं ते शिकायचं आहे. कुलरची हवा सरळ जनावरावर नको, भिंतीवर सोडा. मधे आडोसे ठेवा, बाभळीची खोडं, मोठे खापरी पाइप, असे की एका कोपऱ्यातून दुसरा कोपरा दिसू नये. ज्याला पळायचं आहे त्याला नजरेआड होता आलं पाहिजे.

हंगामाचं म्हणाल तर पाळलेल्या सॅव्हाना मॉनिटरला पंचांग नसतं, पण पाऊस आणि भरपूर खाणं एकत्र आलं की त्यांच्यात फरक पडतो, हे मी दरवर्षी बघतो. मी फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत खाणं थोडं कमी करतो, उपाशी नाही, फक्त हात आखडता घेतो. मृग लागला की खाणं वाढवतो, सकाळी माती शिंपतो. वादळ येण्याआधी हवा जड होते तेव्हा खिडकी बंद असली तरी जनावरं येरझाऱ्या घालतात. मी जोडी जूनच्या उत्तरार्धात लावतो. याची एक किंमत आहे: अंडी उबायला साधारण पाच-सहा महिने लागतात, म्हणजे पिल्लं डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीत, जेव्हा आपल्याकडे रात्री दहा अंशांपर्यंत खाली येतात. तुमच्याकडे रात्रभर भरवशाची वीज नसेल तर हंगाम बदला. हे प्रत्येकाच्या घरावर अवलंबून आहे, माझं कॅलेंडर जसंच्या तसं उचलू नका.

आता तुमचा प्रश्न. मी नर मादीकडे नेतो. बरेच जण उलट करतात, मादीला नराच्या जागेत सोडतात, म्हणजे नर आपल्या जागेत ठाम असतो. मला तो वाद पटत नाही, कारण अंडी पोटात असलेल्या मादीला पुन्हा तिच्या मातीकडे हलवावं लागतं, आणि त्या वेळी हलवणं सगळ्यात वाईट. पण नर येण्याच्या आदल्या दिवशी मी मादीच्या जागेतली खोडं, दगड सगळं हलवतो, म्हणजे तिलाही जागा थोडी नवी वाटते आणि ती दारावर पहारा देत बसत नाही. त्याच्या आठवडाभर आधी मधे अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी लावून दोघांना एकमेकांचा वास आणि नजर लागू देतो. जाळीवर नाक घासून सोलायला लागले तर जाळीजवळचा वेळ कमी करा.

दोन दिवस आधी दोघांना पोटभर खाऊ घाला आणि भेटीच्या दिवशी खाण्याचा कणही आत ठेवू नका. सकाळी दोघं शेकून तापल्यावर, साधारण अकराच्या सुमारास जाळी काढा. काही जण गार जनावर सोडतात, म्हणजे चावा जोरात बसणार नाही म्हणे. पण गार मादीला पळताही येत नाही, मग ती सुरक्षित कशी? पहिली भेट वीस-पंचवीस मिनिटांची. तिथेच बसा, मोबाइल खिशात ठेवा. हाताशी प्लायवूडची फळी ठेवा. भांडण सोडवायचं ते मधे फळी सरकवून, हात घालून नाही, हे तुमच्या मनगटाला आता वेगळं सांगायला नको. त्या ओरखड्यांना साबणानं नीट धुऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं नसेल तर घ्या. रेबीजची भीती नाही, पण साल्मोनेला असतो, म्हणून घरातल्या लहान पोरांना हात लावू देऊ नका.

नर जीभ काढत हळू येतो, मान झटकतो, मादीच्या पाठीवर हनुवटी घासतो, नखानं खाजवतो. मादी फुसफुसते, शेपूट मारते, थोडी पळते. हे सगळं चालतं. मानेची कातडी धरणं चालतं. नाही चालत ते असं: पाय, बोट किंवा शेपटी धरून झटके देणं, धरलं की न सोडणं, किंवा मादी नजरेआड गेल्यावरही तिचा माग काढून कोपऱ्यात गाठणं. तसं झालं की फळी, जाळी, आणि आठ-दहा दिवस नाव नको. बरं झालं तर रोज वेळ वाढवा. मीलन चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा होतं. एक दिवस मादी त्याला अजिबात जवळ येऊ देणार नाही. त्याच दिवशी नर बाहेर काढा. तुमचा ‘किती दिवस’चा जवाब मादीच देते. मी तारखा पाळत नाही. रात्री दोघांना एकत्र ठेवायला मी पहिल्या मोसमात कधीच राजी होत नाही.

त्यानंतर मादीला रोज थोडं थोडं खाऊ द्या आणि एकटं सोडा. चार-सहा आठवड्यांत ती उकरायला लागेल. खोटी बिळंही करेल, आपल्या घोरपडीही करतात. दोन-तीन दिवस उकरून तिनं सोडून दिलं, पोट तसंच आहे, खात नाही, तर आठवडा वाट बघू नका. मी बघितली होती.

अंडी मिळाली तर वरच्या बाजूला पेन्सिलीनं खूण करा आणि ती बाजू वरच ठेवा, उलटी करू नका. ओल्या व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओलावा धरून ठेवणारा खनिजाचा हलका चुरा), वजनानं जितकं कोरडं तितकंच पाणी, डबा २८ ते ३० अंशांत. उन्हाळ्यात कोणाकडे अंडी असतील तर एक माझी युक्ती: मोठा माठ ओल्या रेतीत गळ्यापर्यंत पुरायचा, डबा त्यात ठेवायचा, रेती दिवसातून दोनदा भिजवायची. कवेलूच्या खोलीत कोरड्या हवेत माझा पारा २८-२९ वर राहतो. पण माठ प्रत्येक घरात वेगळा वागतो, आधी आठवडाभर रिकामा माठ मोजा. उष्णतेनं नर-मादी ठरत नाही, तेव्हा ‘मादी हवी म्हणून कमी उष्णता’ असले प्रयोग करू नका. ते मगरी-कासवांचं आहे.

आणि हे विचारायलाच हवं: तीस पिल्लं निघाली तर? प्रत्येकाची नोंद, प्रत्येकाला रातकिडे, आणि दोन वर्षांत प्रत्येकाला वेगळा मोठा पिंजरा. मी आता तीन मोसमांतून एकदाच जोडी लावतो, कारण मागच्या वेळची अकरा पिल्लं नोंद असलेल्या, जागा असलेल्या लोकांकडे पोचवताना वर्ष गेलं.

तूर्त असं करा. जखमी पाय सलाइननं धुऊन पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन लावा, चावणाऱ्या किड्यांशिवाय स्वच्छ कागदावर चार दिवस ठेवा, सूज वाढली तर पशुवैद्याकडे. दोघांना पुन्हा एकत्र सोडू नका. दोघांची सोनोग्राफी करून प्रतिमा पाठवा, सोबत मादीच्या शेपटीच्या मुळाचा वरून काढलेला फोटो आणि पिंजऱ्यातली माती किती इंच आहे ते फूटपट्टीनं मोजून लिहा. मृगाला अजून वेळ आहे.